खालचा उजवा कोपरा

दुकानाची मांडणी ही दुकानदाराची दुसरी स्मरणशक्ती असते. खणांचे तागे कोणत्या फळीवर, धोतरजोड्या कोणत्या कपाटात, अस्तराचे कापड कुठे, असे जुन्या माणसाला विचारले तर त्याचा हात आधी पुढे होतो. शब्द मागाहून येतात. म्हणूनच व्यापारी घराण्यात नव्या मुलाला गादीवर बसवताना पहिली ताकीद मिळते ती भावाची नसते, जागेची असते: घेतलेली वस्तू होती तिथेच ठेव.

ही ताकीद लाकडी फळ्यांपुरती नाही, संगणकाच्या पडद्यालाही ती लागू पडते, हे कृष्णाकाठच्या एका गावातील कापडाच्या पेढीला २०२५ च्या दिवाळीत कळून आले.

पेढी तीन पिढ्यांची. थोरले शेठ तीन वर्षांपूर्वी निवर्तले. आता गादीवर त्यांचे चिरंजीव बसतात. गाव अजूनही त्यांना धाकटे शेठच म्हणते. त्यांची कन्या पुण्यास संगणकशास्त्र शिकते. घरच्या माणसांइतकेच या पेढीचे असलेले आणखी एक माणूस म्हणजे दिवाणजी. वय ६८. विशीत असताना, १९७७ साली, ते या गादीवर आले आणि लाल बाडाच्या पानांना सळ पाडण्यापासून सारे काम येथेच शिकले.

दुकानात संगणक दोन. एकावर टॅली आणि करांची कामे. तो नवा आणि धाकट्या शेठांच्या हातचा. दुसरा, २०१६ साली घेतलेला, दिवाणजींच्या कोपराशी. त्याच्यावर उधारीच्या गिऱ्हाइकांची खाती: प्रत्येक घराचा एक फोल्डर, आत हिशेबाचा तक्ता आणि पावत्यांची छायाचित्रे. असे ६३ फोल्डर पडद्यावरच मांडलेले होते.

त्या संगणकात विंडोज १० होते. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा नियमित सांभाळ थांबणार, हे कंपनीने फार आधी जाहीर केले होते. त्या तारखेनंतर संगणक बंद पडणार नव्हता. परंतु प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या उणिवांची डागडुजी नेहमीप्रमाणे होणार नव्हती. ज्या यंत्रावर लोकांची खाती आहेत ते असे उघडे ठेवणे बरे नव्हे. विंडोज ११ घ्यावे तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. पेढीचा संगणक त्या यादीत बसत नव्हता. चालती वस्तू टाकून द्यावी, हे कोणाच्याच मनाला पटेना.

मार्ग कन्येने काढला. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यावर उभी राहिलेली, २००६ पासून चालत आलेली लिनक्स मिंट ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही सुखाने चालते. टॅली विंडोजसाठी घडवलेले, म्हणून तो संगणक होता तसाच राहिला. दिवाणजींच्या संगणकातील जुनी फिरती डिस्क काढून कन्येने एसएसडी बसवली, तिच्यावर मिंट घातले आणि सर्व फोल्डर नव्या जागी उतरवले. १२ ऑक्टोबरच्या रविवारी दुपारपर्यंत काम आटोपले. तिने मोजून पाहिले: तिकडचे ६३, इकडचे ६३. तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडत होते, बेरजा जुळत होत्या. व्यापाऱ्याच्या लेकीने याहून अधिक काय तपासावे?

नवा पडदा देखणा होता. सौम्य हिरवी झाक, गडद पार्श्वभूमी, आणि डावीकडून अकारविल्हे रांगेत उभे राहिलेले फोल्डर. पूर्वी ते पडद्यावर इकडे तिकडे विखुरलेले होते; काही डावीकडे, काही उजवीकडे, काही अगदी खाली कोपऱ्यात. फोल्डर उतरवले की त्यांच्यातील मजकूर येतो. पडद्यावरची त्यांची जागा मात्र जुनी प्रणाली आपल्या वेगळ्या नोंदीत ठेवते आणि ती नोंद बरोबर येत नाही. कन्येला याचे काही वाटले नाही. तिच्या मते पसारा आवरला गेला होता.

सोमवारी दिवाणजी कामावर बसले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. बोलले काही नाहीत. कीबोर्डाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर त्यांची बोटे न पाहता चालत. आज बोटे चालली, पण आकडे उमटण्याऐवजी तक्त्यातली चौकट इकडून तिकडे धावू लागली. नव्या प्रणालीत संगणक सुरू होताना नमलॉक बंद राहत होते, इतकेच कारण. परंतु ४८ वर्षे आकडे मांडलेल्या माणसाला आकडाच उमटेना, ही गोष्ट इतकीच नव्हती. त्यांनी ड्रॉवरमधून कोरी वही काढली आणि दिवसभराच्या नोंदी पेनाने केल्या. धाकट्या शेठांना वाटले, वयाचा हट्ट आहे. आठ दिवसांत जाईल.

दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळीपूर्वी उधारीची आठवण करण्याची पेढीची जुनी रीत. दरवर्षी दिवाणजी पडद्यासमोर बसून नावे सांगत आणि धाकटे शेठ फोन लावत; त्यात तीन दिवस जात. या खेपेस कन्येने छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याने ६३ फोल्डर उघडले, शिल्लक असलेली ४१ खाती निवडली, आणि बुधवारी संध्याकाळी एकाच मजकुराचा नम्र संदेश त्या सर्व घरी फोनवर पोहोचला. तीन दिवसांचे काम अर्ध्या तासात झाले. यादी कोणी वाचून पाहिली नाही. तशी आवश्यकता कोणाला वाटली नाही.

गुरुवारी दुपारी नदीपलीकडच्या खेड्यातून एक वृद्ध बाई आल्या. नातवाने संदेश वाचून दाखवला होता. गादीच्या कडेला टेकून त्यांनी कनवटीचे पैसे काढले, दोनदा मोजले आणि धाकट्या शेठांच्या पुढे ठेवले. दोन हजार रुपये होते.

“थोरल्या शेठनी कधी मागितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता तुमी मागितलं, म्हंजी तुमचीच काय तरी नड आसल. ह्ये घ्या. ऱ्हायलेलं सुगीला दीन. काळजी करू नगा.”

बाई तक्रार करण्यास आल्या नव्हत्या. पेढी अडचणीत आली असावी असे समजून धीर देण्यास आल्या होत्या. धाकट्या शेठांना काय बोलावे सुचेना. पैसे परत घेण्यास त्या तयार होईनात, तेव्हा रक्कम जमा धरून पावती दिली. त्या गेल्यावर त्यांनी दिवाणजींकडे पाहिले.

“दिवाणजीकाका, हे खाते कसले?”

“लेकीच्या लग्नाचा बस्ता आपल्याकडून नेला होता. पुढच्याच वर्षी त्यांचा कर्ता मुलगा गेला. शेठजी म्हणाले, त्या घरी तगादा नको. होईल तेव्हा आणून देतील. म्हणून ते खाते खालच्या उजव्या कोपऱ्यात होते.”

“कुठल्या कोपऱ्यात?”

दिवाणजींनी पडद्याकडे बोट केले. तेथे आता हिरवट रंगाखेरीज काही नव्हते.

त्या दुपारी बापलेकीला जे समजले ते असे. देशी नाम्यात पानाची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. इंग्रजी पद्धतीत हे नेमके उलट असते. पेढीने देशी नामा सोडला तेव्हा दिवाणजींच्या हाताला उजवे-डावे बदलावे लागले होते. थोरल्या शेठांनी त्यांना घाई केली नाही. पूर्ण एक वर्ष दोन्ही बाडे बरोबरीने चालू दिली आणि दिवाणजी आपण होऊन म्हणाले तेव्हाच जुने बाड बांधून वर ठेवले. पुढे संगणक आला. त्यावर खाती कशी मांडावी, हा प्रश्न पडला तेव्हा दोघांनी मिळून ठरवले: पडदा देशी नाम्याप्रमाणे लावायचा. ज्यांचे चुकते झाले ते डावीकडे, ज्यांना आठवण करायची ते उजवीकडे, ज्यांची देवघेव बारमाही चालू ते मधोमध. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात ती घरे, ज्यांच्याकडे येणे आहे पण ज्यांना विचारायचे नाही.

हे कोठेही लिहिलेले नव्हते. तक्त्यात रकमा होत्या, तारखा होत्या. थोरल्या शेठांचा शब्द मात्र केवळ जागेत होता. जागा पुसली, तसा तो शब्दही पुसला गेला.

“तुम्ही त्याच वेळी बोलला का नाहीत, आजोबा?” कन्येने विचारले. लहानपणापासून ती त्यांना आजोबाच म्हणते.

दिवाणजी थोडा वेळ गप्प राहिले. “मला वाटले, गादीवर नवा माणूस बसला की रीतही नवी होते,” ते म्हणाले. “तुम्ही पडदा आवरलात, तेव्हा तेही आवरायचे असेल, असे मी धरून चाललो.”

त्याच रात्री दुकान बंद झाल्यावर कन्या त्यांच्या शेजारी बसली. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपचे रूप ती दर पंधरवड्याला बदलत असे. खिडक्यांच्या कडा, चिन्हे, बाण, भिंतीवरचे चित्र, सगळे निरनिराळे निवडता येते, हीच तर लिनक्सची मौज. वसतिगृहात मैत्रिणी एकमेकींचे पडदे पाहून वाहवा करीत. रूप म्हणजे सजावट, असे तिला आजवर वाटत आले होते. तीच साधने आता तिने निराळ्या कामी लावली, आणि प्रथमच प्रत्येक बदलाआधी विचारू लागली.

आधी नमलॉक. प्रवेशाच्या पडद्याच्या मांडणीत ते आपोआप सुरू करण्याची सोय आहे. एक खूण केली आणि बोटांना आकडे परत मिळाले. मग खालची पट्टी. मिंटच्या नव्या मांडणीत उघड्या खिडक्यांची नुसती चिन्हे दिसतात, नावे दिसत नाहीत. दिवाणजींना नाव हवे होते. स्वागताच्या खिडकीत पारंपरिक मांडणीचा पर्याय आहे. तो घेताच पट्टीवर नावे आली. पट्टीची उंची वाढवली. अक्षरांचे प्रमाण मोठे केले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून गडद पडद्यावरची उजळ अक्षरे दिवाणजींना पसरल्यासारखी दिसत, म्हणून पार्श्वभूमी फिकट केली. माउसचा बाण दुप्पट केला. कोपऱ्यातल्या घड्याळात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी तारीख लावली. लिब्रेऑफिसमध्ये वरच्या आज्ञा टॅबच्या रूपात मांडता येतात. त्या तशा मांडल्यावर जुन्या तक्त्याची ओळख पटली.

फोल्डरचे रंगही मिंटमध्ये बदलता येतात. कन्येला कल्पना सुचली. “आजोबा, उजवीकडच्यांना तांबडा रंग देते, डावीकडच्यांना हिरवा. मग जागा चुकली तरी कळेल.”

दिवाणजींनी मान हलवली. “रंग नको. हा पडदा गल्ल्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला दिसतो. त्याला आपले नाव तांबड्यात दिसले तर? जागेचा अर्थ फक्त आपल्याला ठाऊक असतो. सगळे पिवळेच राहू दे.”

कन्या गप्प झाली. रंगांच्या त्या लांबलचक यादीतून तिने पिवळा निवडला आणि ६३ फोल्डरांना तोच दिला.

संगणकाच्या पडद्याला मेज मानण्याची कल्पना परदेशी कचेरीतून आलेली आहे. झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकाने १९८१ साली पडद्यावर कागद, फोल्डर आणि आलेल्या पत्रांची परडी मांडली. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने तीच रीत लोकांपर्यंत नेली आणि १९९५ च्या विंडोजने खालची पट्टी व स्टार्टचे बटण घरोघर पोहोचवले. कापडाच्या गादीवर तसले मेज कधी नव्हते. तेथे डाव्या हाताशी बाड, उजव्या हाताशी गल्ला आणि पाठीशी तिजोरी. दोन माणसांनी त्या परक्या मेजावर आपली गादी बसवली होती, इतकी बेमालूम की घरच्यांनाही ती दिसली नाही.

शेवटी आपोआप मांडणीची खूण काढून टाकली, फोल्डरांमधले अंतर वाढवले, आणि दिवाणजी नावे सांगू लागले. कागद समोर नव्हता. डोळे मिटून ते वरून खाली नावे घेत आणि कन्या फोल्डर ओढत जाई. डावीकडे २२, मधोमध १७, उजवीकडे २०, कोपऱ्यात ४. बेरीज ६३. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दिवाणजींनी डोळे उघडले आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, “आता बसता येईल.”

शुक्रवारी सकाळी धाकटे शेठ कोपऱ्यातल्या उरलेल्या तीन घरी स्वतः जाऊन आले. फोन केला नाही. संदेश चुकून गेला, एवढेच सांगितले; आणि वडिलांचा शब्द होता तसा आहे, हेही सांगितले.

दुपारी कन्येला आठवले की जुनी डिस्क कपाटात पडून आहे. व्यापाऱ्याच्या घरात असे काही लगोलग फेकले जात नाही. दिवाणजी जेवायला गेलेले पाहून तिने ती डिस्क जोडली, इंटरनेटची तार काढली आणि जुना पडदा उघडला. ताडून पाहावे, एवढाच हेतू. २२, १७, दोन्ही रांगा तंतोतंत. उजवीकडे मात्र २० नव्हते, १९ होते. कोपऱ्यात ४ नव्हते, ५ होते.

तो पाचवा फोल्डर कोणाचा, हे तिला नावावरून कळेना. वडिलांना विचारले. धाकट्या शेठांनी नाव वाचले आणि ते खाली बसले. नाव दिवाणजींचे होते. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी पेढीकडून काही रक्कम उचलली होती. दर महिन्याला ती थोडी थोडी वळती होत होती. कन्येने त्यांना जन्मापासून आजोबा म्हटले होते; त्यांचे पूर्ण नाव वाचण्याचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. ४१ संदेशांपैकी एक त्यांच्या फोनवरही गेला होता.

बुधवारपासून ते गप्प का होते, याचे दुसरे उत्तर आता मिळाले. ज्याचे स्वतःचे नाव यादीत, त्याने यादीविषयी काय बोलावे?

दिवाणजी परत आले तेव्हा जुना पडदा अजून उघडाच होता. त्यांनी तो पाहिला आणि बरेच दिवसांनी हसले.

“ते शेठजींचे काम,” ते म्हणाले. “मी माझे खाते उजवीकडे ठेवी. येणे ते येणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर ते कोपऱ्यात. मी पुन्हा उजवीकडे आणी, ते पुन्हा कोपऱ्यात लोटीत. कित्येक महिने हे चालले. तोंडाने दोघेही कधी बोललो नाही. शेवटी मीच थकलो.”

धाकट्या शेठांनी क्षमा मागितली. दिवाणजींनी ती मागू दिली नाही. न बोलण्यात आपलीही चूक होती, असे म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या आत आणखी दोन कामे झाली. प्रत्येक तक्त्यात कन्येने एक नवा रकाना घातला आणि दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे त्यात ज्याच्या त्याच्या जागेचा अर्थ लिहिला. कारण जागा पुन्हा कधीतरी पुसली जाईल, यंत्रही बदलेल, आणि आठवणारे माणूस त्या वेळी असेलच असे नाही. दुसरे, मांडलेल्या पडद्याचे छायाचित्र कागदावर छापून नव्या वहीच्या आतल्या पानावर डकवले. पुढे कोणीही संगणक बदलायला घेतला तर आधी ते पान पाहावे आणि जो त्यावर बसतो त्याला विचारावे, असे ठरले. वहीपूजनाला ती वही पाटावर होती.

पूजनाच्या रात्री दुकान बंद करण्यापूर्वी धाकटे शेठ दिवाणजींच्या संगणकापाशी गेले, एक फोल्डर उजव्या रांगेतून उचलला आणि खालच्या कोपऱ्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर तो पुन्हा उजवीकडे होता. त्यांनी काही म्हटले नाही. संध्याकाळी, दिवाणजी चपला घालत असताना, त्यांनी तो पुन्हा कोपऱ्यात नेला.